ध्वज: अर्थवाद आणि विधी

राष्ट्रध्वज म्हणजे मोजमाप ठरलेले, तीन रंगांत विभागलेले कापड होय. तरीही त्याच्यासमोर माणसे ताठ उभी राहतात, तो जमिनीला लागू नये म्हणून जपतात आणि प्रसंगी त्याच्यासाठी तुरुंगातही जातात. या कापडाचे रंग काही सांगतात असे सर्वांना वाटते, पण ते नेमके काय सांगतात असे विचारले तर उत्तरे वेगवेगळी येतात. अर्थ रंगांत असतो, पाहणाऱ्याच्या मनात असतो की या दोहोंहून वेगळ्या ठिकाणी, हा प्रश्न वरवर राज्यशास्त्राचा वाटला तरी मुळात तो धर्मविचाराचा आणि तत्त्वज्ञानाचा आहे. मराठी भाषेने त्याची खूण आपल्या रोजच्या शब्दात जपून ठेवली आहे. ध्वजारोहणाच्या कार्यक्रमाला मराठी माणूस 'झेंडावंदन' म्हणतो, आणि 'वंदन' हा शब्द देव, गुरू व वडीलधारी माणसे यांच्यासाठी राखलेला आहे. जे वंदन देवघरात होते तेच शाळेच्या पटांगणावर कशाला होते, याचा उलगडा केल्याशिवाय रंगांच्या अर्थाचा प्रश्न सुटत नाही.

हा प्रश्न तपासण्यासाठी गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्याचा परिसर सोयीचा आहे, कारण पूर्व विदर्भातील या झाडीपट्टीच्या मुलखात अनेक ध्वज एकमेकांच्या शेजारी नांदतात. हा भाग पूर्वी मध्य प्रांतात होता, नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, आणि गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणजे राज्य आणि जिल्हा यांच्या सीमा येथील माणसांनी बदलताना पाहिल्या आहेत. या मुलखात मारुतीच्या देवळावर भगवी पताका असते, बुद्धविहारावर पंचरंगी धम्मध्वज असतो, आंबेडकरी चळवळीचा निळा झेंडा चौकात असतो, दर्ग्यावर हिरवे निशाण असते, आणि माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांकडे जाणारे गोंड भाविक आपला सप्तरंगी ध्वज घेऊन निघतात. १५ ऑगस्टला व २६ जानेवारीला या सर्वांच्या मधोमध तिरंगा चढतो. तिरंग्यातील एकेक रंग शेजारच्या कुठल्यातरी ध्वजात आधीपासूनच आहे आणि तेथे त्याचा स्वतःचा अर्थ आहे. मग तिरंग्यात आल्यावर त्या रंगाचा जुना अर्थ सुटतो, सोबत येतो की बदलतो?

शब्द आणि अर्थ यांचे नाते काय, या प्रश्नावर भारतीय दर्शनांत झालेला जुना वाद येथे उपयोगी पडतो. वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र म्हणजे मीमांसा. तिच्या मते हे नाते 'औत्पत्तिक' आहे, म्हणजे ते कोणी जोडलेले नसून मुळापासूनचे व नित्य आहे. प्रमाणांचा व तर्काचा विचार करणारे न्यायदर्शन हे मानत नाही. नैयायिकांच्या मते अमुक शब्दाने अमुक वस्तू समजावी असा 'संकेत', म्हणजे ठराव, केलेला असतो. जुन्या शब्दांचा संकेत ईश्वराच्या इच्छेने झाला आणि नव्या नावांचा माणसाच्या इच्छेने होतो. रंगांना हा वाद लावला तर मीमांसकाच्या वाटेने जाणारा म्हणेल की केशरी रंगातच त्याग आहे, आणि नैयायिकाच्या वाटेने जाणारा म्हणेल की केशरी रंगाला त्याग म्हणायचे असे कोणीतरी ठरवले आहे.

व्यवहार पाहिला तर पहिली बाजू टिकत नाही. हिरव्या रंगाचेच उदाहरण घ्यावे. मराठी घरात लग्न ठरले की मुलीच्या हातात हिरवा चुडा भरतात, अनेक घरांत हिरवा शालू नेसवतात, देवीची ओटी हिरव्या खणाने भरतात. त्या घरात हिरवा म्हणजे सौभाग्य. तोच रंग दर्ग्यावरच्या चादरीत श्रद्धेचा होतो. पांढऱ्याचेही तसेच आहे: एका घरात तो शोकाचा, तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धर्मांतरानंतर विदर्भातील लक्षावधी बौद्ध कुटुंबांत तो उपासकाच्या शुभ्र वस्त्राचा, म्हणजे मंगल प्रसंगाचा. भगव्याचा इतिहास तर त्याहून गुंतागुंतीचा आहे. संन्याशाच्या वस्त्राला संस्कृतात 'काषाय' म्हणतात, म्हणजे काढ्यात रंगवलेले. बौद्ध भिक्षूच्या चीवरासाठीही हाच शब्द पालीत 'कासाव' या रूपात येतो, आणि विनयपिटकात मुळे, खोड, साल, पाने, फुले व फळे यांपासूनचे रंग चीवरासाठी मान्य केलेले आहेत. वारकऱ्याची पताका कावेच्या, म्हणजे गेरूच्या, रंगाची असते. शिवकाळापासून मराठ्यांच्या स्वराज्याचे निशाण भगवे आहे. शिखांचा निशाण साहिबही दीर्घकाळ केशरी होता. संसार सोडणारा आणि राज्य मिळवणारा असे दोघेही एकच रंग अंगाखांद्यावर वागवतात, तेव्हा त्या रंगात एकच अर्थ मुळापासून वसला आहे असे म्हणणे अवघड होते.

तरीही केवळ ठराव म्हणून विषय संपवला तर निसर्गाने रंगांना दिलेला काही आधार नजरेआड होतो. फाल्गुनात झाडीपट्टीच्या जंगलात पळस फुलतो तेव्हा झाडावर पान दिसत नाही, फक्त केशरी फुलांचे झुबके दिसतात. ही फुले रात्रभर पाण्यात भिजवून किंवा उकळून होळीचा रंग करतात, त्यात तुरटी घातली तर तो कापडावर जरा अधिक धरतो, पण मुळात हा रंग कच्चा आहे आणि दोनचार धुण्यांत उतरतो. सगळी पाने गाळून उभ्या राहिलेल्या या झाडाकडे पाहणाऱ्याला केशरी रंगाशी त्यागाचा संबंध जोडावासा वाटला तर ते अगदीच निराधार नाही. संस्कृत अर्थविचारात शब्दांचे असे एक वर्गीकरण आहे: घटकांवरून अर्थ निघतो तो 'यौगिक' शब्द, केवळ परंपरेने अर्थ ठरतो तो 'रूढ' शब्द, आणि दोन्ही एकत्र येतात तो 'योगरूढ' शब्द. 'पंकज' म्हणजे चिखलात उगवलेले. पण चिखलात उगवणाऱ्या हरेक वनस्पतीला पंकज म्हणत नाहीत, कमळालाच म्हणतात. ध्वजाचे रंग या तिसऱ्या वर्गात बसतात. निसर्गातील साम्याने अर्थाला दिशा मिळते, आणि समाजाच्या निर्णयाने त्या दिशेतील एक अर्थ पक्का होतो. म्हणून रंगांचा अर्थ विचारणे म्हणजे तो निर्णय कोणी, केव्हा आणि कशासाठी केला हे विचारणे होय.

तिरंग्याच्या बाबतीत हा निर्णय एकदा झाला नाही; तो तीनदा झाला आणि दर वेळी अर्थ बदलला. १९२१ मध्ये बेझवाडा येथे पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींसमोर ध्वजाचा आराखडा ठेवला. जालंधरच्या लाला हंसराज यांच्या सूचनेवरून त्यात चरखा आला आणि गांधीजींच्या इच्छेने पांढरा रंगही आला. त्या ध्वजात पांढरा वर, हिरवा मध्ये आणि तांबडा खाली होता. त्या वेळचा अर्थ उघडपणे जमातींचा होता: तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतर सर्व धर्मांच्या लोकांचा. या संकेतात ऐक्याची इच्छा होती, पण एक अडचणही होती. रंग जर जमातीचे प्रतिनिधी असतील तर प्रत्येक जमातीला आपला रंग मागता येतो, कोणाचा पट्टा वर आणि कोणाचा खाली हे मोजता येते, आणि 'इतर' या एका पांढऱ्या पट्ट्यात अनेकांना दाटीवाटीने बसावे लागते. शिखांनी आपल्या रंगाचा समावेश व्हावा अशी मागणी केली तेव्हा ही अडचण समोर आली.

मात्र तोपर्यंत या ध्वजाला दुसराही अर्थ मिळाला होता, आणि तो मिळवून देण्यात विदर्भाचा वाटा मोठा होता. १९२३ च्या मार्चमध्ये जबलपूरला सुरू झालेला झेंडा सत्याग्रह १ मेपासून नागपुरात रंगला. चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्स या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीत जाण्यास सरकारने बंदी केली होती, आणि स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज त्याच रस्त्याने झेंडा घेऊन निघत व अटक करवून घेत. सत्याग्रहाचे नेतृत्व करणारे जमनालाल बजाज यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली. विनोबा भावे यांनाही याच सत्याग्रहात शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये झेंडा घेतलेली मिरवणूक त्या रस्त्याने गेली आणि सत्याग्रह संपला. तुरुंगात गेलेल्या शेकडो लोकांपैकी प्रत्येकाने तांबडा कोणाचा व हिरवा कोणाचा याचा हिशेब केला असेल असे संभवत नाही. बंदी घालणाऱ्या सरकारनेही पट्ट्यांचा अर्थ वाचला नव्हता. हा रस्ता आपला आहे असा झेंडेकऱ्यांचा दावा तेवढा वाचला होता. रंगांची फोड करून सांगितलेला अर्थ एक, आणि संपूर्ण ध्वज हातात धरून केलेल्या कृतीने निर्माण झालेला अर्थ दुसरा, हा भेद नागपूरच्या रस्त्यावर स्पष्ट झाला.

दुसरा निर्णय १९३१ चा. कराची अधिवेशनाच्या वेळी काँग्रेसने ध्वजाचा विचार करण्यासाठी सात जणांची समिती नेमली. वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग आणि पट्टाभि सीतारामय्या यांच्यासोबत तीत काका कालेलकर आणि हिंदुस्थानी सेवा दलाचे संस्थापक डॉ. ना. सु. हर्डीकर हेही होते. समितीने जमातींच्या वाटणीचा प्रश्न मुळातूनच काढून टाकणारा उपाय सुचवला: ध्वज एकाच केशरी रंगाचा असावा आणि त्यावर चरखा असावा. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईला भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत ही शिफारस स्वीकारली गेली नाही. तीन रंग राहिले. तांबड्याच्या जागी केशरी आला, क्रम बदलला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या रंगांचा कोणत्याही जमातीशी संबंध नाही असे ठरावातच नमूद झाले. केशरी म्हणजे धैर्य व त्याग, पांढरा म्हणजे शांती व सत्य, हिरवा म्हणजे श्रद्धा व शौर्य असा नवा संकेत झाला.

या ठरावाचे तात्त्विक महत्त्व सहसा लक्षात घेतले जात नाही. १९२१ च्या संकेतात रंग लोकांकडे बोट दाखवत होते: हा तुझा पट्टा, तो माझा पट्टा. १९३१ च्या संकेतात ते गुणांकडे बोट दाखवू लागले. जमात जन्माने मिळते, गुण आचरणाने मिळवावा लागतो. म्हणून पहिल्या ध्वजात आपले स्थान शोधणाऱ्याला फक्त आपली जात किंवा धर्म सांगावा लागे, तर दुसऱ्या ध्वजात स्थान मिळवायला त्याला काहीतरी करावे लागणार होते. कापडाच्या रंगात झालेला फरक थोडा होता, पण त्या रंगांसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाची जबाबदारी पूर्ण बदलली.

तिसरा निर्णय संविधान सभेचा. जून १९४७ मध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या ध्वज समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा समावेश होता. २२ जुलै १९४७ रोजी नेहरूंनी मांडलेला ठराव संमत झाला: गडद केशरी, पांढरा व गडद हिरवा असे समान रुंदीचे तीन आडवे पट्टे, लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२, आणि पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी नाविक निळ्या रंगाचे चक्र. त्याच चर्चेत डॉ. राधाकृष्णन यांनी केलेल्या विवरणात केशरी हा वैराग्याचा आणि निःस्वार्थतेचा झाला, पांढरा सत्याच्या वाटेवरील प्रकाशाचा झाला, आणि हिरवा मातीशी व वनस्पतिजीवनाशी असलेल्या नात्याचा झाला. सोळा वर्षांपूर्वी श्रद्धा व शौर्य सांगणारा हिरवा आता माती व पीक सांगू लागला, आणि कापडाची छटा मात्र जवळपास तीच राहिली. अर्थ रंगद्रव्यात नसतो याला याहून चांगला पुरावा मिळणे कठीण आहे.

राधाकृष्णन यांचा हिरवा गोंदियाच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. १५ ऑगस्टला येथे धानाची रोवणी आटोपत आलेली असते. पऱ्हे उपटून, पेंढ्या बांधून, गुडघाभर चिखलात वाकून लावलेल्या रोपांनी बांध्या भरलेल्या असतात, आणि झेंड्याच्या खालच्या पट्ट्याचा रंग शाळेच्या कुंपणापलीकडे पसरलेला असतो. २६ जानेवारीला खरिपाचे धान कापून, मळून घरी किंवा गिरणीत गेलेले असते आणि त्याच बांध्या बऱ्याच ठिकाणी उघड्या पडलेल्या असतात. एकच हिरवा पट्टा एकदा समोर असलेल्या गोष्टीची खूण होतो आणि एकदा पुन्हा आणायच्या गोष्टीची आठवण होतो. योगरूढ अर्थातला 'योग' असा त्या त्या मातीत सापडतो.

चक्राचा अर्थ रंगांहून अधिक गुंतागुंतीचा आहे. संविधान सभेच्या ठरावातील शब्दयोजना बारकाईने पाहिली तर चक्र हे चरख्याचे प्रतीक म्हणून ठेवले आहे, आणि त्याची आकृती मात्र सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षाखालील पट्टीवरून घेतलेली आहे. १९०४-०५ च्या उत्खननात सापडलेल्या त्या शीर्षावर हत्ती, घोडा, बैल व सिंह यांच्या मध्ये चक्रे कोरलेली आहेत आणि ध्वजावरील चक्राप्रमाणे त्यांना चोवीस आरे आहेत. चरखा बाजूला झाला याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते: चाक आणि चाती असे त्याचे चित्र ध्वजाच्या उलट बाजूने उलटे दिसे, तर चक्र दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. गांधीजींना हा बदल रुचला नव्हता. चरख्यासमोर बसून माणसाला सूत कातावे लागे; चक्राकडे नुसते पाहताही येते, ही त्या नाराजीमागची तात्त्विक बाजू म्हणता येईल.

पण चक्र तरी नुसते पाहण्यासाठी आहे का? सारनाथला बुद्धांनी पाच भिक्षूंना दिलेल्या पहिल्या उपदेशाला 'धम्मचक्कपवत्तन' म्हणतात. 'पवत्तन' म्हणजे प्रवर्तन, गती देणे. चक्राची कल्पनाच फिरण्याची आहे, आणि राधाकृष्णन यांनीही चक्राचे विवरण करताना गतीवरच भर दिला होता. येथे एक आक्षेप येतो. रंगांचा जमातींशी असलेला संबंध तोडून काढणाऱ्या ध्वजाने मध्यभागी बौद्ध परंपरेतील चिन्ह घेतले, ही विसंगती नाही का? तिचे उत्तर 'धर्म' या शब्दाच्या अर्थात आहे. आंबेडकरांनी त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात उपासनेचा धर्म आणि धम्म यांत भेद केला आहे: पहिला व्यक्तीपुरता असतो, तर धम्म हा सामाजिक असतो, म्हणजे माणसाने माणसाशी कसे वागावे याचा नियम असतो. जगात एकटाच माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही; दोन माणसे आली की गरज निर्माण होते. या अर्थाने पाहिले तर चक्र उपासनापद्धतीची खूण राहत नाही. ते राज्य आणि नागरिक यांना एकाच नियमाखाली आणते. अशोकाने ते राजसत्तेच्या स्तंभावर कोरवले याचाही आशय हाच की राजाच्या वर नियम असतो.

या मुलखात या विचाराला आणखी एक संदर्भ आहे. गोंदिया ज्या भंडारा जिल्ह्यात होते त्या भंडारा मतदारसंघातून १९५४ मध्ये आंबेडकरांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. त्यानंतर अडीच वर्षांतच नागपूरला धर्मांतर झाले आणि येथील गावागावांत विहारांवर धम्मध्वज लागला. हा ध्वज १८८५ मध्ये श्रीलंकेत तयार झाला आणि पुढच्या वर्षी थिऑसॉफिस्ट कर्नल ऑल्कट यांच्या सूचनेवरून त्याचा आकार बदलला. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा व नारिंगी हे पाच पट्टे आणि या सर्वांचा मिळून सहावा, असे त्याचे रूप आहे. बुद्धांच्या देहातून निघणाऱ्या सहा रंगांच्या किरणांची कल्पना त्यामागे आहे. निळ्याला मैत्री व करुणा, पिवळ्याला मध्यम मार्ग, पांढऱ्याला शुद्धता असे अर्थ दिले जातात. तरी हाच ध्वज म्यानमारमध्ये नारिंगीऐवजी गुलाबी पट्टा घेऊन फडकतो, कारण तेथील भिक्षूंच्या चीवराशी तो जुळतो. श्रद्धेच्या ध्वजातही छटा बदलते, संकेत टिकतो. गोंड समाजाच्या सप्तरंगी ध्वजाकडे पाहतानाही हेच ध्यानात ठेवावे लागते. कचारगडला पारी कुपार लिंगो आणि जंगो रायतार या आपल्या आराध्यांचे स्मरण करीत येणाऱ्या माणसाला तो ध्वज कोया पुनेम या आपल्या धर्मपरंपरेची आणि गोंडवाना या आपल्या भूमीची ओळख देतो; बाहेरच्या माणसाने त्याला इंद्रधनुष्य म्हटले तर दिसलेले बरोबर असते, समजलेले अपुरे असते.

आता 'वंदना'च्या प्रश्नाकडे यावे. ध्वजाला वंदन करणे ही मूर्तिपूजा आहे का, आणि असेल तर ती सर्वांवर लादता येईल का? ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात प्रतीकोपासनेचा विचार आला आहे. 'प्रतीक' म्हणजे ज्याच्या आधाराने दुसऱ्याच थोर वस्तूचे चिंतन करायचे ती वस्तू. शंकराचार्यांनी तेथे व्यवहारातले उदाहरण दिले आहे: राजाच्या सेवकाला राजा मानून मान दिला तर बिघडत नाही, पण राजाला सेवक मानले तर ते अनिष्ट ठरते. थोराची दृष्टी लहानावर ठेवावी, लहानाची दृष्टी थोरावर ठेवू नये, असा नियम त्यातून निघतो. तो ध्वजाला लावला तर वंदनाची मर्यादा स्पष्ट होते. कापडात देश पाहणे ही उपासना आहे, पण देशाला कापडापुरता मानणे, म्हणजे कापडाचा मान राखला की देशाचा मान राखला असे समजणे, हा दृष्टीचा उलटा फेरा आहे. ध्वजाच्या नावाने शेजाऱ्याला हिणवणारा माणूस राजाला सेवक करतो.

न्यायालयांनीही वेगळ्या भाषेत याच प्रश्नाला हात घातला आहे. अमेरिकेत १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळकरी मुलांना ध्वजाला सलामी देण्याची सक्ती करता येणार नाही असे ठरवले. भारतात १९८६ मध्ये केरळमधील तीन मुलांच्या प्रकरणात, ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत होती पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नव्हती म्हणून त्यांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने अयोग्य ठरवले. दोन्ही निर्णयांमागे एकच समज आहे: प्रतीकाचा आदर आतून यावा लागतो, आणि सक्तीने वाकलेल्या मानेतून प्रतीकाला काहीच मिळत नाही.

कृतीचा अर्थ आतल्या हेतूवर किती अवलंबून असतो हे ध्वजसंहितेतील एका तरतुदीत फार स्पष्ट दिसते. २००२ च्या भारतीय ध्वजसंहितेनुसार फाटलेला किंवा खराब झालेला ध्वज संपूर्णपणे, एकांतात, शक्यतो जाळून आणि त्याची प्रतिष्ठा राखून नष्ट करायचा असतो. दुसरीकडे राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधाच्या १९७१ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी ध्वज जाळणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. कापड तेच, आग तीच, राखही तीच. पण एका कृत्यात निरोप आहे आणि दुसऱ्यात अवमान. गणपतीची मूर्ती विसर्जित करणाऱ्या मराठी माणसाला हा भेद नवा नाही. आवाहन करून देवत्व मानायचे, पूजा करायची आणि उत्तरपूजेनंतर तीच मूर्ती पाण्यात सोडायची, या सगळ्यात मातीला अर्थ देणारी गोष्ट एकच असते: संकल्प, म्हणजे मी हे अमुक हेतूने करतो असा मनाचा स्पष्ट निश्चय.

मग ज्या कापडाचा ध्वज होतो त्या कापडाला महत्त्व उरते का? गांधीजींच्या दृष्टीने उरत होते, कारण हाताने कातलेले व विणलेले सूत म्हणजेच स्वावलंबनाची कृती होती. भारतीय मानक संस्थेने १९५१ मध्ये ध्वजाचे प्रमाण ठरवले आणि १९६८ मध्ये त्यात सुधारणा केली. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती असे खादीचे ध्वज तयार करते. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही मान्यता मिळाली, आणि पुढच्या वर्षी 'हर घर तिरंगा' मोहिमेत तो घरोघर पोहोचला. संकेताच्या दृष्टीने पॉलिएस्टरचा ध्वज खादीच्या ध्वजाहून कमी राष्ट्रध्वज नाही. पण खादीच्या ध्वजात कोणाचे तरी कातणे व विणणे आधीच पूर्ण झालेले असते. तेवढी कृती आता ध्वजाबाहेर, तो लावणाऱ्याने स्वतः करायची राहते. छटा आणि धागे यांचे प्रमाण कायद्याने ठरवता येते, अर्थाचे प्रमाण तसे ठरवता येत नाही.

येथे मीमांसेकडे पुन्हा वळावे लागते, कारण शब्दार्थाच्या वादात तिची बाजू ध्वजाला लागू पडली नाही तरी वाक्यार्थाच्या विचारात तिने दिलेला भेद नेमका लागू पडतो. मीमांसेनुसार वेदातील वाक्ये मुख्यतः दोन प्रकारची: 'विधी' म्हणजे अमुक करावे असे सांगणारे वाक्य, आणि 'अर्थवाद' म्हणजे स्तुती किंवा वर्णन करणारे वाक्य. वायू ही वेगवान देवता आहे, एवढे म्हटले तर ते नुसते वर्णन झाले; ते ऐकून कोणी काय करावे हे कळत नाही. पण वायूसाठी अमुक याग करावा या विधीशी ते जोडले की तेच वर्णन माणसाला कृतीकडे प्रवृत्त करते. अर्थवाद निरर्थक नसतो, पण तो स्वतःच्या पायावर उभा राहत नाही; विधीशी एकवाक्यता झाल्यावरच, म्हणजे दोघांचे मिळून एक वाक्य झाल्यावरच, त्याला प्रामाण्य येते.

केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे सत्य, हिरवा म्हणजे माती, चक्र म्हणजे धर्माची गती, ही सर्व वाक्ये अर्थवाद आहेत. शाळेच्या भाषणात ती दरवर्षी म्हटली जातात आणि म्हणूनच ती पोकळ वाटू लागतात. त्यांचा विधी कुठे आहे हे शोधले तर राधाकृष्णन यांच्या विवरणातच तो सापडतो: केशरी रंगाच्या वैराग्याचा संबंध त्यांनी सर्वसामान्यांच्या संन्यासाशी जोडला नव्हता, तर नेत्यांनी भौतिक लाभाविषयी निरिच्छ राहून आपल्या कामाला वाहून घ्यावे या अपेक्षेशी जोडला होता. पांढऱ्याचा विधी खरे बोलणे हा आहे, हिरव्याचा विधी जमीन व पाणी राखणे हा आहे, आणि चक्राचा विधी नियम स्वतःला आधी लावणे हा आहे. १९२१ चा अर्थ असा विधीला जोडता येत नव्हता, कारण 'हा पट्टा अमक्यांचा' या वाक्यातून कोणीच काही करायचे निघत नाही. १९३१ नंतरचा अर्थ जोडता येतो, आणि तिरंग्याच्या अर्थाचे मोठेपण या शक्यतेत आहे.

महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना किंवा त्यांच्या आसपास ग्रामसभा घेण्याची रीत आहे. झेंडावंदन होते, दोरीची गाठ सुटून घडीतल्या झेंडूच्या पाकळ्या खाली पडतात, मुले खाऊ घेऊन घरी जातात, आणि मग मोठी माणसे सतरंजीवर बसून घरकुलांची यादी, नाल्याचे काम आणि पाणीपट्टीची थकबाकी यांवर बोलू लागतात. यादीत आपल्या भावाचे नाव घालायचे की खऱ्या गरजूचे, खर्चाचा हिशेब जसा आहे तसा वाचायचा की गाळून, गावतळ्यावरचे अतिक्रमण आपल्या माणसाचे असले तरी काढायचे की नाही, हे तेथे ठरते. सकाळी चढवलेल्या तिन्ही रंगांना आणि चक्राला त्यांचे विधी त्याच सतरंजीवर मिळतात. सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली तर त्या दिवसापुरता ध्वज अर्थवादच राहतो.